मोजून बोलणारी

नारायणगाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना टोमॅटो, ऊस आणि द्राक्षांचे मांडव सुरू होतात. त्या हिरव्या शिवारात पहिली थाळी दिसते, मग दुसरी, मग एकदम आठ-दहा, आणि सगळ्यांची तोंडं आकाशात एकाच जागी लागलेली. त्या जागी आपल्याला काहीच दिसत नाही. भर दुपार असते, वर नुसतं निळं आभाळ असतं, आणि ती मात्र कामात असते. रेडिओलहरींना दिवस-रात्र नसते, म्हणून तिलाही नाही.

कागदोपत्री तिचं नाव 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', जीएमआरटी. पंचक्रोशीत ती 'खोडदची दुर्बीण'. तीस जणी मिळून ती एक आहे. एकेका थाळीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या १४ जणी खोडदच्या आवारात, साधारण एक चौरस किलोमीटरच्या आत उभ्या आहेत. उरलेल्या १६ तीन दिशांना फुटलेल्या तीन हातांवर, जुन्नर-आंबेगाव भागातल्या गावांच्या शिवारांत पांगल्या आहेत. एका टोकाची थाळी आणि दुसऱ्या टोकाची थाळी यांच्यात सुमारे २५ किलोमीटरचं अंतर पडतं. तरी सगळ्या एकाच क्षणी एकाच ठिकाणी मान वळवतात.

अंगाने एवढी मोठी, पण जवळ जाऊन वर पाहावं तर थाळीतून आभाळ दिसतं. तिचा तळहात उघडा आहे. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी, दोरांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवलेली. ऊन, पाऊस, वारा, पाखरांचा आवाज, सगळं त्यातून आरपार जातं. २० सेंटिमीटरपासून दोन-अडीच मीटर लांबीच्या लहरी तेवढ्या अडतात, कारण एवढ्या मोठ्या लहरीला त्या बारीक भोकांतून निसटता येत नाही. बाकी सारं जग जाऊ द्यायचं आणि एवढंच धरायचं, हा तिचा जन्मजात स्वभाव. तिच्याविषयी पुढे जे सांगायचं आहे ते या स्वभावातच आलं आहे.

हा स्वभाव तिला दिला गोविंद स्वरूप यांनी. १९२९चा जन्म, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत शिक्षण-संशोधन, आणि १९६३ साली होमी भाभांच्या बोलावण्यावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परत. आधी कल्याणला सिडनीहून आलेल्या लहान थाळ्यांची रांग उभी केली. मग १९७०मध्ये उटीच्या डोंगरउतारावर अर्धा किलोमीटर लांबीची दुर्बीण. ही खोडदची त्यानंतरची, धाकटी. पत्र्याच्या भरीव थाळ्या आपल्याला परवडणार नाहीत, आणि लांब लहरींसाठी त्या लागतही नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि जाळीची युक्ती काढली. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती देशाला अर्पण झाली. स्वरूप २०२० साली गेले. जगभरचे शास्त्रज्ञ आज तिच्या वेळेसाठी अर्ज करतात, आणि तो अर्ज कोणत्या देशातून आला यापेक्षा तिला काय विचारलं आहे हे पाहिलं जातं.

तिला शांतता लागते. ही जागा निवडताना डोंगरांचा आडोसा, कमी वारा आणि विषुववृत्तापासूनचं सोयीचं अंतर हे सगळं पाहिलं गेलं, पण मुख्य होती ती रेडिओ-शांतता. जुन्नर तालुका तेव्हा शांत होता. आता मोबाइलचे मनोरे आले, विजेच्या तारांवर ठिणग्या उडतात, मोटारी धावतात, डोक्यावरून उपग्रह बोलत जातात. आवारात शिरताना फोन बंद करायला सांगतात तेव्हा पुष्कळांना तो नियमांचा जाच वाटतो. तो जाच नाही. आपल्या खिशातलं यंत्र तिच्यापाशी किंचाळत असतं आणि ती ज्याच्यासाठी कान लावून बसली आहे तो आवाज कोट्यवधी वर्षं चालून येता येता जवळजवळ विरलेला असतो.

तिची आणखी एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. एकीने ऐकलेल्यावर ती विसंबत नाही. प्रत्येक थाळीने पकडलेलं दुसऱ्या प्रत्येक थाळीने पकडलेल्याशी ताडून पाहिलं जातं. तीस जणींच्या जोड्या होतात ४३५. दोघींनाही जे सारखं ऐकू आलं ते ठेवायचं. एकीलाच आलं ते तिच्या स्वतःच्या यंत्रातली कुरकुर समजून सोडून द्यायचं. अशा जोड्याजोड्यांच्या तुलनेतून आकाशाचं चित्र तयार होतं. विज्ञानाची सगळी रीत या एका सवयीत आली आहे, असं मी मानतो. तुला दिसलं, मला दिसलं, तिसऱ्याला कुठूनही दिसेल, तेवढंच दप्तरी नोंदायचं.

या सवयीने काय हाती येतं ते पाहायचं तर हायड्रोजनकडे पाहावं. विश्वात सर्वांत जास्त आढळणारा हा अणू २१ सेंटिमीटरची एक हलकी लहर सोडतो. एकट्या अणूला ती सोडायला सरासरी सुमारे १ कोटी १० लाख वर्षं लागतात. अणू अगणित असतात म्हणूनच ती आपल्याला मिळते. विश्व प्रसरण पावतं तशी ही लहर वाटेत ताणली जाते, आणि किती ताणली गेली यावरून ती कधी निघाली ते कळतं. जानेवारी २०२३मध्ये मॅकगिल विद्यापीठातले अर्णब चक्रवर्ती आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले निरुपम रॉय यांनी जाहीर केलं की, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर खोडदला पकडता आली. विश्वाचं वय तेव्हा ४९० कोटी वर्षं होतं. वाटेत आड आलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने ती लहर तीसेक पटींनी मोठी करून दाखवली म्हणून हे जमलं. आपली पृथ्वी जन्मली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. टोमॅटोच्या शेतात उभ्या असलेल्या जाळीवर ती येऊन थांबली.

हे ऐकलं की माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. हे मी अनेकदा पाहिलं आहे. एक म्हणतो, इतकं लांबचं दिसलं, कुठे देव दिसला का? दुसरा म्हणतो, बघा, हे अफाट कुणी घडवलं, विज्ञानाला सांगता येतं का? दोघेही तिलाच साक्षीला बोलावतात. तिची साक्ष नीट ऐकायची असेल तर तिला काय ऐकू येत नाही हे आधी समजून घ्यावं लागतं. तिचे राखणदार ते लपवत नाहीत, पण आपण विचारत नाही.

तिला सर्वत्र सारखं पसरलेलं दिसत नाही. तिच्या बांधणीतच हे आहे. ती जोड्यांमधल्या फरकावर जगते. जिथे उजेड कमी-जास्त होतो, कड असते, गाठ असते, तिथे तिला काही सापडतं. जे आकाशभर एकसारखं भरलेलं आहे त्याची नोंद तिच्यापाशी शून्य होते. दोन थाळ्यांतलं सर्वांत कमी अंतर सुमारे शंभर मीटर, त्यामुळे ६१० मेगाहर्ट्‌झवर पौर्णिमेच्या चंद्राच्या साधारण अर्ध्या रुंदीहून मोठा, सलग, गुळगुळीत पसारा तिच्या हातून सुटतो. सगळं विश्व व्यापून राहिलेली, अडीच-पावणेतीन केल्विनची ती आदिम धग आहे ना, जिला विश्वाच्या जन्माचा पुरावा मानतात, तिचा सर्वदूर सारखा भाग या दुर्बिणीला मुळीच जाणवत नाही. ती धग खरी आहे. दुसऱ्या उपकरणांनी ती मोजली आहे. पण हिला विचाराल तर उत्तर येईल, काही नाही.

यावर घाईने उडी मारू नये. चराचरात भरलेला देव हिला दिसत नाही म्हणून तो आहेच, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मी देव मानतो, तरी हे सांगतो. यातून निघतं ते एवढंच की 'मला दिसलं नाही' हे वाक्य कोणत्या डोळ्याने उच्चारलं ते विचारल्याशिवाय पुरं होत नाही. तसंच एकीलाच ऐकू आलेल्याचं. भक्ताचा अनुभव एकट्याचा असतो, त्याची दुसरी थाळी नसते. दुर्बिणीच्या रिवाजात तो कुरकुर म्हणून गळून पडणार, आणि दुर्बिणीपुरतं ते योग्यच आहे. त्या गळण्याला भक्ताच्या आयुष्याचा निवाडा मानणं योग्य नाही. आणि भक्तानेही आपला अनुभव दुर्बिणीच्या दप्तरात नोंदवून घेण्याचा हट्ट धरू नये.

तिची सर्वांत मोठी गोष्ट तर न सापडलेल्याची आहे. तिला बांधलं तेव्हाच्या दोन मुख्य आशांपैकी एक अशी होती की, विश्वाच्या बालपणातले, दीर्घिका जन्मण्यापूर्वीचे हायड्रोजनचे प्रचंड ढग हिला दिसतील. ज्या सिद्धांतावर ती आशा उभी होती तो पुढे मागे पडला आणि तसे महाकाय ढग काही सापडले नाहीत. मग शोध अधिक बारीक झाला. पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने विश्वातला हायड्रोजन फुटू लागला त्या काळाची खूण शोधायची. विश्व तेव्हा सुमारे ६० कोटी वर्षांचं होतं, आणि तेव्हाची २१ सेंटिमीटरची लहर आज ताणून दोन मीटरची झाली आहे. अडचण अशी की मधे आपलीच आकाशगंगा आहे, आणि या लहरींत तिचा गोंगाट त्या खुणेच्या दहा हजारपटींहून अधिक आहे. आषाढीच्या वाटेवर हजारो टाळ एका ठेक्यात वाजत असताना कुणाच्या तरी ओठांतल्या ओठांत चाललेलं नाव वेगळं ऐकायचं, तसं हे काम.

टोरांटोच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तिच्यावर हा शोध झाला. खूण मिळाली नाही. २०११ साली त्या गटाने लिहिलं की ती असलीच तर ७० मिलिकेल्विनहून ठळक नाही. मिलिकेल्विन म्हणजे एका अंशाचा हजारावा भाग. खगोलशास्त्रात याला वरची मर्यादा म्हणतात. मिळालं नाही एवढं म्हणून थांबायचं नाही, 'असेल तर जास्तीत जास्त इतकं' हे आकड्यात सांगायचं. पुढे त्याच गटाला स्वतःच्या पद्धतीची शंका आली. आकाशगंगेचा गोंगाट पुसताना आपण शोधतो आहोत ती खूणही थोडी पुसली जात असेल तर? त्यांनी संगणकावर खोटी खूण मिसळून पाहिली, तर खरंच ती पुसली जात होती. २०१३ साली त्यांनी मर्यादा दुरुस्त केली. ७०च्या जागी २४८ मिलिकेल्विन. म्हणजे दोन वर्षांनी जाहीरपणे सांगितलं की आम्ही समजत होतो त्याहून आमचं अज्ञान मोठं आहे.

या दुरुस्तीपुढे मला नम्र व्हायला होतं. कीर्तनात, व्याख्यानात, घरातल्या वादात, आपलं 'नाही' किती आणि आपलं 'आहे' किती हे असं आकड्यात कोण सांगतं? श्रद्धावानाने शिकावं असं तिच्यात काही असेल तर ते हे आहे, आणि देव नाही असं ठासून सांगणाऱ्यानेही हेच शिकावं.

तिच्या कुंपणापलीकडे आणखीही कुंपणं आहेत. काही उद्या पडतील. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभी राहत असलेली 'स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे' ही दुर्बीण, जिच्यात भारतही भागीदार आहे, कदाचित ती हरवलेली खूण पकडेल. काही कुंपणं कुठल्याही दुर्बिणीला ओलांडता येणार नाहीत. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं होईपर्यंत ते अपारदर्शक होतं, त्याआधीचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचूच शकत नाही. १३८० कोटी वर्षांत ज्याचा प्रकाश इथवर आला नाही ते आपल्याला आज दिसत नाही. आणि मुळात काहीच नसण्याऐवजी हे सारं का आहे, हा प्रश्न कोणत्या लहरीवर ऐकायचा हेच ठरलेलं नाही.

माझ्यासारख्या देव मानणाऱ्याला इथे मोह होतो. विज्ञान थांबलं तिथे देवाचं आसन मांडावं. हा मोह एका पाद्र्याने ओळखला आणि टाळला. जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू आणि गणिती. विश्व एका आदिम अणूतून सुरू झालं हा विचार त्यांनी १९३१ साली मांडला. त्यालाच आज आपण महास्फोट म्हणतो. नोव्हेंबर १९५१मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात विज्ञानाला आता सृष्टीच्या निर्मितीची साक्ष सापडली अशा अर्थाची मांडणी केली. लमेत्र यांना आनंद व्हायला हवा होता. ते अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत श्रद्धेच्या प्रश्नापासून अलग आहे, तो उद्या चुकीचाही ठरू शकतो, ही त्यांची भूमिका होती, आणि ती त्यांनी व्हॅटिकनपर्यंत पोचवली. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. ज्याच्या हातात पुरावा आयता आला होता त्या माणसानेच तो देवाच्या दारात ठेवायला नकार दिला. लमेत्र यांची श्रद्धा लेचीपेची असती तर त्यांना हे जमलं नसतं.

मोजता येईल असा दावा मात्र मोजावाच लागतो. पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ते करून दाखवलं. नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिष्यांना दिल्या, कोणती कोणाची ते सांगा म्हणून. उत्तरं देणाऱ्या २७ ज्योतिष्यांची सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. ग्रह माणसाचं भाग्य लिहितात हा दावा जगाविषयीचा आहे, म्हणून तो जगात तपासला गेला आणि पडला. त्याला श्रद्धेच्या पदराआड लपवणं श्रद्धेचा अपमान आहे.

उरतं ते मागणं, कृतज्ञता, अपराधाची बोच, मेलेल्या माणसाची आठवण काढून हात जोडणं. हे कोणत्याही मेगाहर्ट्‌झवर नाही. ओझरला आणि लेण्याद्रीला गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या जुन्नर तालुक्यात सतत असतात, आणि त्यांतला कुणीही या दुर्बिणीच्या निकालाची वाट पाहत थांबलेला नसतो. थांबायची गरजही नाही. याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटातल्या लेण्यात, सातवाहनांचा दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. त्याच्या आरंभी देवांना नमन आहे. इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य. आणि पुढे यज्ञांत दिलेल्या दानाचे आकडे आहेत. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांमध्ये त्यांची गणना होते. एकाच भिंतीवर नमन आणि मोजणी. कोरणाऱ्याने दोन्ही कोरलं, पण नमन नमनाच्या जागी ठेवलं आणि दानाच्या आकड्यात देव मिसळला नाही.

खोडदच्या दुर्बिणीचा मला आदर वाटतो तो याच शिस्तीसाठी. देवाविषयी तिने आजवर एक शब्द काढलेला नाही. त्या मौनाचा अर्थ होकार नाही, नकारही नाही. हा प्रश्न तिच्या कामाचा भागच नाही. तिच्या नावाने जे कुणी देव सिद्ध करतात किंवा रद्द करतात ते तिचं नाव न विचारता वापरतात.

दर वर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, खोडदचं आवार लोकांसाठी उघडतात. आसपासच्या शाळांतली हजारो मुलं येतात, आपापले प्रयोग मांडतात, शास्त्रज्ञ आणि अभियंते त्यांच्याशी मराठीत बोलतात. आपल्या मुलांना घेऊन जा. फोन गाडीतच बंद करून ठेवा. तिला काय काय सापडलं हे मुलं विचारतीलच. तुम्ही तेवढं विचारा की हिला काय ऐकू येत नाही, आणि ते तुम्हाला कसं कळलं.